ठाण्याजवळच्या कळव्यात डॉक्टरकीची इंटर्नशिप केली. आता अमेरिकेतल्या इंटर्नल मेडिसिन रेसिडेन्सीच्या (एमबीबीएसनंतरच्या प्रशिक्षणाच्या) इंटरव्ह्यूत क्लिनिकल प्रश्न आले तर तयारी कशी करू?

आधी घाबरणं सोडा. तिथे आपल्या व्हायव्हासारखी (तोंडी परीक्षेसारखी) उलटतपासणी सहसा होत नाही. 'लक्षात राहिलेली एक केस सांगा' हा प्रश्न मात्र हमखास धरून चाला.

तीन केसेस पक्क्या करा, त्याही स्वतः पाहिलेल्या. ठाण्याच्या पावसाळ्यात वॉर्डात काढलेले दिवस इथे कामी येतात. समजा, गुडघाभर पाण्यातून चालत गेलेला माणूस ताप, पोटऱ्या दुखणं, लाल डोळे आणि कावीळ घेऊन आला. नुसतं लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) म्हणून मोकळं होऊ नका. डेंगी, मलेरिया, हिपॅटायटिस डोक्यात का होते, क्रिॲटिनिन (किडनीचं काम दाखवणारी रक्ततपासणी) वाढलेलं पाहून काय ठरवलं, रिपोर्टची वाट न पाहता पेनिसिलिन का सुरू केलं, हे सांगा. तुम्ही स्वतः काय केलं आणि सिनियरला कधी हाक मारली, हेही. रुग्णाचं नाव, ओळख नको.

'रात्री दोनला छातीत दुखतंय' असं विचारलं तर आधी व्हायटल्स (नाडी, बीपी, श्वास), दहा मिनिटांत ईसीजी. मग कारणं म्हणून हार्ट अटॅक, महाधमनी फाटणं, फुप्फुसातली गुठळी, न्यूमोथोरॅक्स. ॲसिडिटी सगळ्यात शेवटी! अडलात तर 'माहीत नाही, सिनियरला विचारेन' म्हणा. थापा लगेच कळतात.

उत्तरं पाठ करू नका, दोन मिनिटांचं घड्याळ लावून मित्रासमोर इंग्रजीत बोला. आणि हो, इंटरव्ह्यू घरून ऑनलाइन असेल तर न्यूयॉर्कचे सकाळचे नऊ म्हणजे डिसेंबरात आपले संध्याकाळचे साडेसात. ठाण्यातल्या नौपाड्यात त्या वेळी हॉर्न ऐकले असतीलच, खिडकी लावून बसा.