लहान जहाजातून अलास्का: देवमासे जवळून दिसतील का?

प्रश्न: आम्ही दोघे निवृत्त आहोत आणि जूनमध्ये मुलीकडे सिअ‍ॅटलला जाणार आहोत. तिने अलास्कातील जूनोहून निघणाऱ्या, सत्तर प्रवाशांच्या लहान जहाजाची आठवड्याची सफर सुचवली आहे. भाडे मोठ्या जहाजापेक्षा पुष्कळ जास्त आहे. एवढ्या खर्चात देवमासे आणि अस्वले जवळून दिसतीलच, अशी खात्री धरावी का?
– एक वाचक, दांडिया बाजार, वडोदरा

उत्तर: खात्री धरू नये, पण देवमाशांची आशा जरूर धरावी. हंपबॅक देवमासे हिवाळ्यात हवाईच्या उबदार पाण्यात वीण करतात आणि त्या काळात जवळजवळ उपाशी राहतात. जूनमध्ये ते अलास्काच्या खाड्यांत हेरिंग मासे आणि क्रिल नावाचे कोळंबीसारखे बारीक जीव खाऊन ती तूट भरून काढत असतात. जास्तीचे पैसे तुम्ही देता ते मुख्यतः थांबण्याचे. लहान जहाजाला अरुंद खाडीत शिरता येते आणि इंजिन बंद करून अर्धा तास नुसते उभे राहता येते. मी अशाच शांततेत देवमासा आधी ऐकला: मोठा सुस्कारा, मग धुक्यासारखा फवारा आणि वाऱ्यावर आलेला माशांचा उग्र वास. बुडी मारताना त्याने शेपूट वर केली तेव्हा तिच्या खालच्या बाजूची काळी-पांढरी नक्षी स्वच्छ दिसली. ही नक्षी प्रत्येकाची निराळी असते आणि तिच्या छायाचित्रांवरून अभ्यासक एकेक देवमासा ओळखतात.

अस्वलांचे गणित ओहोटीवर असते. भरतीत पाण्याखाली जाणाऱ्या कावी-कंबोईच्या स्तंभेश्वराचे दर्शन जसे समुद्राची वेळ पाहून घ्यावे लागते, तसेच हे आहे. पाणी उतरले की अ‍ॅडमिरल्टी किंवा चिचागॉफ बेटाची तपकिरी अस्वले किनाऱ्यावर येतात, दगड पंजाने उलटून खालचे जीव टिपतात आणि कोवळे गवत चरतात. त्यामुळे ओहोटी पहाटे असेल तर पहाटेच उठावे.

‘जवळून’ या शब्दाबद्दल मात्र मला कळकळीने सांगायचे आहे. तेथील नियमानुसार हंपबॅकच्या १०० यार्डांच्या, म्हणजे सुमारे ९१ मीटरांच्या आत जहाज नेता येत नाही. हिमखंडांवर पहुडलेल्या सील माद्यांची पिल्ले जूनमध्ये लहान असतात; बोट जवळ गेली की घाबरून माद्या पाण्यात उतरतात आणि पिल्लू मागे राहू शकते. कप्तान लांबूनच वळला तर कृपया त्याच्याकडे तक्रार करू नका. समुद्री पाणमांजरे तर फरसाठी या भागातून पार मारली गेली होती. १९६५ ते १९६९ या काळात सुमारे ४०० पाणमांजरे बाहेरून आणून सोडली, म्हणून आज ती पाठीवर तरंगताना दिसतात.

पावसाळी कोट न्यावाच. दुर्बिणी मात्र दोन घ्या, कारण एकीची देवाणघेवाण होईपर्यंत देवमाशाची पाठ पाण्याखाली गेलेली असते.