ॲसिडिटीमुळे छातीत धडधड होते का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : रात्री जेवून आडवं झालं की तासाभरात घशाशी आंबट येतं, ढेकर सुरू होतात आणि त्यातच छाती धडधडायला लागते, मध्येच एखादा ठोका चुकल्यासारखा वाटतो. ईसीजी नॉर्मल आला, डॉक्टर म्हणाले ॲसिडिटी आहे. मग ॲसिडिटीचा आणि हृदयाचा संबंध काय? आणि झोपायचं तर कुठल्या कुशीवर?

संबंध आहे. पण ‘ॲसिडिटी आहे’ हे उत्तर तुम्हाला फार लवकर मिळालं, असं मला वाटतं. मी डॉक्टर नाही. हे दोन्ही त्रास एकत्र घेऊन चार वर्षं काढली आहेत, त्यात तीन डॉक्टर झाले, आणि तिसऱ्यांनी पहिल्यांदा नीट बसवून समजावलं. त्यातलं जे पक्कं कळलं ते लिहिते.

आधी तो चुकलेला ठोका, कारण माझा जीव सगळ्यात जास्त त्यानंच खाल्ला. पहिल्यांदा झालं तेव्हा मी उशिरा, पोट तुडुंब भरेपर्यंत जेवून लगेच आडवी झाले होते. एक करपट ढेकर आला, घशात जळजळलं आणि हृदयालाच उचकी लागावी तसं काहीतरी झालं. क्षणभर सगळं थांबलं, मग धप्पकन एक ठोका पडला. मी ताडकन उठून बसले. पाच मिनिटांनी पुन्हा तेच. त्या रात्री झोप लागली नाही, हे सांगायला नकोच.

खरं तर तो ठोका चुकलेला नसतो, वेळेच्या आधी पडून गेलेला असतो. घाईत पडल्यामुळे तोवर हृदयात पुरेसं रक्त भरलेलं नसतं, म्हणून तो आपल्याला जाणवतही नाही. त्यानंतर नेहमीपेक्षा जरा लांब विसावा येतो, तेवढ्यात हृदय जास्त भरतं आणि पुढचा ठोका जोरात आपटतो. आपल्याला कळतो तो विसावा आणि ती धडक. डॉक्टर याला एक्टोपिक बीट म्हणतात. अगदी ठणठणीत माणसाला दिवसभर यंत्र लावून ठेवलं तरी बहुतेकांमध्ये असे थोडेफार ठोके सापडतात. बहुतेकांना ते कळत नाहीत. मला आणि बहुधा तुम्हाला ते कळतात, एवढाच पुष्कळदा फरक असतो.

आता पोटाचा यात हात कुठे येतो? पहिलं कारण म्हणजे शेजार. अन्ननलिका छातीतून खाली उतरताना हृदयाच्या डाव्या कर्णिकेच्या, म्हणजे वरच्या डाव्या कप्प्याच्या, अगदी पाठीला लागून जाते. इतकी लागून, की हृदयाचं बारकाईनं चित्र हवं असेल तेव्हा डॉक्टर सोनोग्राफीची नळी तोंडातून अन्ननलिकेत उतरवतात आणि तिथून हृदय बघतात. कर्णिकेतल्या बिघडलेल्या लयीवर आतून डाग देऊन उपचार करतात, तेव्हा अन्ननलिका भाजू नये म्हणून तिचं तापमान मोजत राहावं लागतं. मधली भिंत एवढी पातळ. जठराचा वरचा भाग छाती आणि पोट यांच्यामधल्या पडद्यातून छातीत सरकलेला असेल, म्हणजे हायाटस हर्निया असेल आणि तो मोठा असेल, तर तो कर्णिकेला मागून दाबूही शकतो.

दुसरं कारण व्हेगस नावाची नस. मेंदूतून थेट निघणाऱ्या बारा जोड्यांतली ही दहावी. गळ्यातून उतरते, हृदयाला फांद्या देते, अन्ननलिकेला वेढते आणि जठरापर्यंत जाते. जठर फुगलं, अन्ननलिकेत आम्ल चढलं की तिथली खबर याच नसेतून वर जाते, आणि हृदयाला हळू चाल म्हणून सांगणारीही हीच नस. इथे मी तिसऱ्या डॉक्टरांना अडवलं होतं : ही नस ठोके कमी करते, तर मला धडधड का होते? ते हसले. म्हणाले, प्रश्न बरोबर आहे. व्हेगसचा जोर वाढला की हृदयाचा मूळ ताल मंदावतो, त्यामुळे दोन ठोक्यांमध्ये आगंतुक, म्हणजे त्या वेळेआधी पडणाऱ्या, ठोक्याला घुसायला जागा मिळते. शिवाय कर्णिकेचे स्नायू एका ठोक्यानंतर पुन्हा पेटायला नेहमीपेक्षा लवकर तयार होतात. फिलिप कूमेल या फ्रेंच हृदयतज्ज्ञांनी १९७०च्या दशकात अशा रुग्णांचं वर्णन केलं होतं, ज्यांच्या कर्णिकेची लय पळताना, जिने चढताना नाही, तर रात्री, विश्रांतीत, जेवणानंतर बिघडायची. त्याच्याही कितीतरी आधी, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, लुडविग रोएमहेल्ड नावाच्या जर्मन डॉक्टरांनी फुगलेलं पोट आणि हृदयाच्या तक्रारी यांची जोडी टिपली होती. आजही काही जण तिला त्यांच्याच नावानं ओळखतात.

त्यात जेवण हे हृदयासाठी थोडं कामच असतं. पचनासाठी आतड्यांकडे जास्त रक्त पाठवावं लागतं, म्हणून भरपेट जेवल्यावर नाडी तशीही थोडी वाढते.

हे सगळं ऐकून मी खूश झाले होते. चला, कारण सापडलं. पण खरी अडचण पुढेच आहे. ज्यांना आम्लाचा त्रास आहे त्यांच्यात लयीच्या तक्रारी जास्त दिसतात, असं बऱ्याच पाहण्यांमध्ये आढळलंय. मात्र दोन माणसं कायम एकत्र दिसतात म्हणून एकानं दुसऱ्याला बोलावलं असं होत नाही. दोघांना बोलावणारा तिसराच असू शकतो. उशिराचं जड जेवण, दारू, सिगारेट, वाढलेलं वजन, झोपेत श्वास अडकणं, जागरणं, काळजी : यातली जवळपास प्रत्येक गोष्ट आम्लही वर आणते आणि ठोकेही बिघडवते. कॉफीचं माणसागणिक वेगळं; मला दोन्हीकडून नडली.

आणि काळजी म्हणजे काय प्रकार असतो, ते माझ्याकडून ऐका. छातीत जळजळ झाली की मी मनगटावर बोटं ठेवायची. बोटं ठेवली की मन घाबरायचं, घाबरलं की ॲड्रेनलिन, ॲड्रेनलिन आलं की ठोके शंभराच्या पुढे. ते मोजून मी आणखी घाबरायची. घाबरल्यावर हवा गिळली जाते, पोट फुगतं, पुन्हा ढेकर. मनगटावरच्या घड्याळात नाडी दिसायला लागल्यावर तर मी दिवसातून चाळीस वेळा बघत होते. शेवटी ते घड्याळ कपाटात ठेवलं. औषधांइतकाच फरक त्यानं पडला, हे मी ठामपणे सांगते. पण याचा अर्थ ‘सगळं मनाचे खेळ’ असा कुणी लावला तर लावू देऊ नका. मला आधीच्या दोन ठिकाणी तेच ऐकवलं होतं, तेही एकही रक्ततपासणी न करता.

आता तुमचा नॉर्मल ईसीजी. तो चांगलीच बातमी आहे, पण तो साधारण दहा सेकंदांचा असतो. आपलं हृदय दिवसाला एक लाखाच्या आसपास ठोके टाकतं. त्यातले दहा-बारा बघून रात्री अकराला काय होतं ते कसं कळणार? धडधड चालू असताना निघालेला ईसीजी हाच खरा पुरावा. म्हणून डॉक्टरांना होल्टरबद्दल विचारा. छातीला इलेक्ट्रोड चिकटवून छोटं यंत्र २४ किंवा ४८ तास अंगावर बाळगायचं. त्रास रोज होत नसेल तर जास्त दिवस लावायची यंत्रंही असतात. त्या काळात जेवण, आडवं होणं, जळजळ, ढेकर, धडधड, सगळ्याची वेळ लिहून ठेवायची. माझ्या होल्टरमध्ये तीनशेच्या वर आगंतुक ठोके निघाले, बरेचसे रात्रीच्या जेवणानंतरच्या दोन तासांत. पण मजा अशी, की मी ‘धडधड’ म्हणून लिहिलेल्या निम्म्या वेळांना ताल अगदी सरळ होता, फक्त वेग वाढलेला. म्हणजे अर्धा त्रास पोटाचा, अर्धा घाबरण्याचा. हा हिशोब नुसत्या ईसीजीवरून कधीच लागला नसता.

त्यासोबत रक्ताच्या साध्या तपासण्या झाल्याच पाहिजेत : हिमोग्लोबिन, थायरॉईड, पोटॅशियम, मॅग्नेशियम. रक्त कमी असेल किंवा थायरॉईड जास्त काम करत असेल तर धडधड होते, आणि ॲसिडिटीच्या गोळ्यांनी ती जन्मात थांबायची नाही.

गोळ्यांवरून आठवलं, हा भाग लोकांना माहीतच नसतो. ओमेप्राझोल, पॅन्टोप्राझोल या जातीच्या गोळ्या आम्ल कमी करतात, कामाच्या आहेत, मीही घेतल्या. जेवणाच्या अर्धा ते एक तास आधी घेतल्या तरच नीट चालतात. मी कित्येक महिने जेवणानंतर घेत होते. पण त्या वर्षानुवर्षं घेतल्या तर काही जणांच्या रक्तातलं मॅग्नेशियम उतरतं. अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेनं, एफडीएनं, २०११मध्ये तसा इशारा दिलाय. आणि मॅग्नेशियम उतरलं की ठोके बिघडतात! दुसरं म्हणजे, ॲसिडिटीच्या काही कॅप्सूलमध्ये आम्ल कमी करणाऱ्या औषधाच्या जोडीला डोम्पेरिडोन असतं, पोट लवकर रिकामं व्हावं म्हणून. या औषधानं हृदयाची विद्युत लय बिघडण्याचा धोका थोडा वाढतो, म्हणून युरोपच्या औषध नियामकांनी २०१४मध्ये त्याचा वापर मळमळ-उलटीपुरता आणि साधारण आठवडाभरापुरता आणला. त्याच कामाचं सिसाप्राइड नावाचं औषध तर छातीतल्या जळजळीसाठीच दिलं जायचं. हृदयाच्या लयीवर गंभीर परिणाम दिसल्यावर २०००मध्ये अमेरिकेत त्याची सर्रास विक्री थांबली. तेव्हा तुमच्या गोळीच्या पाकिटावरची बारीक अक्षरं एकदा वाचा आणि डॉक्टरांना दाखवा. स्वतःच्या मनानं मात्र काही बंद करू नका. सोबत दुसरी औषधं चालू असतील, अगदी एखादं प्रतिजैविकसुद्धा, तर तेही सांगा, कारण काही जोड्या वाईट असतात.

एक गोष्ट मात्र जपा. धडधडीबरोबर चक्कर येऊन डोळ्यांपुढे अंधारी आली, शुद्ध हरपली, दम लागला, छातीत आवळल्यासारखं होऊन दुखणं हाताकडे, जबड्याकडे किंवा पाठीकडे गेलं, थंड घाम फुटला, तर ॲसिडिटीचं सिरप शोधत बसू नका, थेट इमर्जन्सी गाठा. सिरप घेऊन बरं वाटलं म्हणजे हृदय ठीक, हा हिशोब फसवा आहे. त्याच्या उलटही खरं : जिभेखालच्या हृदयाच्या गोळीनं अन्ननलिकेचा आकडीसारखा त्रासही सुटतो, त्यामुळे गोळीनं बरं वाटलं म्हणजे हृदयाचंच दुखणं होतं असंही नाही. बायकांमध्ये, वयस्कर माणसांमध्ये आणि मधुमेह असणाऱ्यांमध्ये हार्ट ॲटॅक पुष्कळदा मळमळ, ढेकर, पोटाच्या वरच्या भागातली अस्वस्थता अशा वेशात येतो. धडधड व्यायाम करताना होत असेल, किंवा घरात कुणी तरुणपणी अचानक गेलं असेल, तर ते पहिल्याच भेटीत सांगा.

माझं काय झालं? रात्रीचं जेवण झोपेच्या तीन तास आधी आणलं आणि निम्मं केलं. पलंगाचे डोक्याकडचे पाय वीटभर, म्हणजे सहाएक इंच, उचलले. नुसत्या उशा वाढवल्या तर मानच मोडते आणि पोट दुमडून आम्ल आणखी वर चढतं, हे मी करून पाहिलंय. दुपारनंतरची कॉफी सोडली. दोन महिन्यांत आंबट येणं जवळपास थांबलं. आगंतुक ठोके गेले नाहीत, कमी झाले. आला तर आला म्हणते आणि कूस बदलते.

आता कुशीचा प्रश्न. आम्लासाठी डावी कूस चांगली, यात वाद नाही. डाव्या कुशीवर जठराचं तोंड आम्लाच्या पातळीच्या वर राहतं, उजवीवर ते आम्लात बुडतं. पण गोची अशी, की डाव्या कुशीवर हृदय बरगड्यांच्या जवळ सरकतं आणि प्रत्येक ठोका गादीतून कानात वाजतो. म्हणजे जळजळ नको असेल तर धडधड ऐका. माझा तोडगा : जेवणानंतरच्या पहिल्या झोपेला डावी कूस, आणि ठोके फारच ऐकू यायला लागले तर छाती आणि गादीच्या मध्ये एक मऊ उशी. पहाटे पोट रिकामं झालेलं असतं, तेव्हा उजवीवर वळायला हरकत नाही.