ऑस्टिओपोरोसिसच्या गोळ्या परवडत नाहीत, स्वस्तात कुठे मिळतील?

आईला ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडं ठिसूळ होण्याचा आजार, निघालाय, दर महिन्याचं बिल झेपत नाही, स्वस्तातली औषधं कुठे मिळतील आणि ती चालतील का, असं तुम्ही विचारलंय. चालतात. याच विषयावर सख्ख्या भावाशी पाच वर्षं भांडलेय, त्यामुळे उत्तर जरा लांबेल.

माझी आई मोरीत घसरली आणि तिचं उजवं मनगट मोडलं. तेव्हा ती ७२ ची. डेक्सा, म्हणजे हाडांची घनता मोजायची तपासणी, केली तर तिचा आकडा, टी-स्कोअर, उणे ३.१. उणे २.५ किंवा त्याखाली गेला की ऑस्टिओपोरोसिस. डॉक्टरांनी आठवड्याला एक अशी गोळी लिहून दिली, ब्रँडच्या नावाने. सोबत कॅल्शियम आणि डी-३ च्या पुड्या. आई चार महिने पुण्याला दादाकडे असते, बाकीचं वर्ष माझ्याकडे मिरजेत. पहिली औषधं दादाने आणली. ती संपल्यावर मी डॉक्टरांना म्हटलं, ब्रँड नको, औषधाचं मूळ (जेनेरिक) नाव लिहा. त्यांनी काही न बोलता 'अलेन्ड्रोनेट ७० मिलिग्रॅम' लिहिलं. कॅल्शियम आणि पुड्या जनऔषधी केंद्रात, म्हणजे सरकारी योजनेतल्या स्वस्त जेनेरिक औषधांच्या दुकानात, मिळाल्या. गोळी तिथे त्या दिवशी नव्हती, ती दुसऱ्या दुकानातून साध्या कंपनीची घेतली. सगळं मिळून दादाच्या बिलाच्या तिसऱ्या हिश्शात.

हे दादाला फोनवर सांगितलं आणि चूक केली. "आईच्या बाबतीत तरी चिकटपणा करू नकोस." मागून वहिनीचा आवाज, की त्या सरकारी गोळ्यांत नुसता खडू असतो. (कॅल्शियम कार्बोनेट म्हणजे खडूच, वहिनी. तुमच्या चकचकीत डबीतसुद्धा तोच.)

त्या दिवाळीत पुण्याला गेले. रविवारची सकाळ. वहिनीने आईला चहा आणून दिला, बशीत दोन बिस्किटं आणि कडेला तीन गोळ्या : आठवड्याची ती, कॅल्शियमची आणि बीपीची. आईने चहाच्या घोटाबरोबर तिन्ही गिळल्या, कप खाली ठेवला आणि परत अंथरुणावर आडवी झाली. मी विचारलं, नेहमी असंच? "दर रविवारी," आई म्हणाली. "चहा असला की घशाला लागत नाही."

ही गोळी उपाशीपोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर घेतली तरी शंभरातला एक भागही अंगी लागत नाही. वर चहा-दूध किंवा कॅल्शियम गेलं की तेवढंही नाही. पुढे निदान अर्धा तास काही खायचं-प्यायचं नाही आणि आडवं तर अजिबात व्हायचं नाही, नाहीतर अन्ननलिका भाजते. आई महिनाभर छातीत जळजळतंय म्हणत होती आणि दादा तिला ॲसिडिटीचं औषध देत होता. तेही ब्रँडेड. म्हणजे महागडी गोळी चहात बुडवून वाया घालवायची आणि चिकट कोण, तर मी!

असो. तुमचं काम डॉक्टरांच्या टेबलावरच होतं, दुकानात नाही. चिठ्ठीवर ब्रँड असेल तर केमिस्टला परस्पर दुसरा ब्रँड देता येत नाही, कायदाच तसा आहे. २०२३ मध्ये नॅशनल मेडिकल कमिशनने (डॉक्टरांसाठी नियम करणारी संस्था) डॉक्टरांना जेनेरिक नाव लिहिण्याची सक्ती करणारा नियम काढला आणि त्याच महिन्यात स्थगितही केला, तेव्हा तुम्हालाच तोंड उघडून मागावं लागेल. लाजू नका. मग 'जनऔषधी सुगम' ॲपवर जवळचं केंद्र आणि औषधाची किंमत बघा. तिथे माल अधूनमधून संपतो, म्हणून शेवटची गोळी उरेपर्यंत थांबू नका.

गोळ्या झेपत नसतील तर वर्षातून एकदा शिरेतून द्यायच्या झोलेड्रोनिक ॲसिडबद्दल विचारा. ५ मिलिग्रॅम, सलाईनसारखं, पंधरा-वीस मिनिटांचं काम. आमच्या डॉक्टरांनी ती जळजळ बघून आईला हेच सुरू केलं. पहिल्या वेळी दोन दिवस ताप आणि अंगदुखी झाली, पॅरासिटामॉलवर गेली. वर्षाचा हिशेब मांडला तर दादाच्या गोळ्यांपेक्षा कमीच. फक्त ४ मिलिग्रॅमची जी बाटली मिळते ती कॅन्सरच्या रुग्णांसाठी असते, स्वस्त दिसली म्हणून उचलू नका. टेरिपॅराटाइड, म्हणजे हाडांसाठी रोज टोचायचं इंजेक्शन, लिहिलं असेल तर ते महिन्याला काही हजारांत जातं. ते खरंच हवं का, की सलाईनवर भागेल, हे स्पष्ट विचारा. काहींना खरंच लागतं.

हो, आणि हे आधी सांगायला हवं होतं : किडनी कमजोर असेल तर हे सलाईन देत नाहीत, म्हणून आधी रक्तातलं क्रिएटिनिन (त्यावरून किडनीचं काम कळतं), कॅल्शियम आणि डी-३ तपासून घ्या. दात काढायचा असेल तर तोही आधी उरकून घ्या. आणि डेनोसुमॅब, म्हणजे दर सहा महिन्यांनी घ्यायचं हाडांचं इंजेक्शन, आधीच सुरू असेल तर परवडत नाही म्हणून मनाने बंद करू नका, मणके पटापट मोडू शकतात. डॉक्टरांना सांगून दुसऱ्या औषधावर जा.

यंदा सलाईनच्या दिवशी दादा मिरजेत होता. चष्मा लावून बाटलीवरचं कंपनीचं नाव दोनदा वाचलं, बोलला काही नाही. बीपीच्या गोळ्या मात्र अजून ब्रँडच्याच आणतो.