डेटमधला बी आणि आपलं मुंगूस

प्रिय,

शुक्रवारी तू विचारलंस, "मॅडम, मोबाईलवर सगळं ट्रान्सलेट होतं की, मग हे इंग्लिश शिकायचं कशाला?" वर्ग हसला आणि मी "गप बस, पोर्शन राहिलाय" म्हणून पुढे गेले. खरं सांगू का, तेव्हा मला उत्तर सुचलंच नव्हतं. घरी कुकर लावताना सुचायला लागलं, म्हणून लिहितेय.

आधी एक कबुली. नोकरीला नवीन होते तेव्हा एका मुलाने विचारलं, डेटमध्ये (कर्जवाला, डी-ई-बी-टी, तुमचा तारखेचा नाही) बी बोलायचाच नाही तर लिहायचा कशाला? मी म्हटलं सायलेंट असतो, पाठ कर. पुढे कितीतरी वर्षांनी एका जाड डिक्शनरीत सापडलं की हा शब्द फ्रेंचमधून आला आणि इंग्रज आधी तो बीशिवायच लिहायचे, मग पंडितांना आठवलं की मूळ लॅटिन शब्द 'डेबिटम', म्हणून त्यांनी बी मध्ये घुसवला. आयलंडमधला एस तर निव्वळ गैरसमजातून आलाय, त्या शब्दाचा लॅटिनशी संबंधच नाही! म्हणजे पोराची शंका रास्त होती आणि मी त्याचा स्पेलिंगचा मार्क कापला होता. दहावीनंतर तो कुठे गेला माहीत नाही, अजून सलतं ते.

तुमच्या आधीच्या बॅचला एकीने विचारलं, गूसचं गीस होतं तर माँगूसचं माँगीस का नाही? या वेळी मी शहाणी झाले होते, शोधून आले. तो शब्द त्यांचा नाहीच, आपलं मराठी मुंगूसच तिकडे गेलंय! गूसशी काही नातं नाही म्हणून साधं माँगूसेस. मागच्या बाकावरची, ३५ मार्कांपुरतंच इंग्लिश करणारी पोरं पण त्या दिवशी ताठ बसली होती.

आता तुझा मोबाईल. माझ्या काकांनी शेजाऱ्याच्या कर्जाच्या कागदावर सही केली होती, कागद इंग्लिशमध्ये, त्यांना वाटलं आपण साक्षीदार. सहीखाली छापलं होतं गॅरेंटर, म्हणजे जामीनदार. हप्ते थकले आणि नोटीस काकांच्या दारात. वकील म्हणाले, १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच. काकूच्या पाटल्या गेल्या त्यात. आणि काका काही अडाणी नव्हते रे, मराठी पेपर रोज अथपासून इतिपर्यंत वाचायचे. तेव्हा खिशात मोबाईल असता तरी काय झालं असतं? सही करताना शंकाच आली नाही, तो माणूस फोन कशाला बाहेर काढेल?

शंका यायला आधी थोडंफार ठाऊक असावं लागतं, ते मी तुला देऊ बघतेय, आणि पोर्शनच्या नादात बऱ्याचदा जमत नाही हेही कबूल.

तू गाईड पाठ करतोस ते मला कळतं, उत्तरातल्या चुका पण गाईडच्याच असतात. परीक्षेपुरतं कर, माझी हरकत नाही, पण रोज एक शब्द असा धर जो तुला पटत नाही, आणि वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेव.

सोमवारी येताना एवढं बघून ये: नाइफ, नी आणि नॉट, तिन्हीतला के गप्प का? मोबाईलवर शोधलंस तरी चालेल.

तुझ्या इंग्लिशच्या मॅडम