नदी वर, शेतं खाली : इटलीची पो

प्रश्न : इटलीतली पो नदी फेरारा शहराच्या बाजूला म्हणे आजूबाजूच्या शेतांपेक्षा उंचावरून वाहते, हे कसं शक्य आहे? आणि तिचा त्रिभुज प्रदेश माणसांनी बनवला असंही ऐकलं, ते काय?
– एक वाचक, मुलुंड

उत्तर : दोन्ही खरंय. पो इटलीतली सगळ्यात लांब नदी, ६५२ किमी, फ्रान्सच्या हद्दीजवळ मोनविसो डोंगरात उगम आणि तुरीन, क्रेमोना करत पूर्वेला एड्रियाटिक समुद्रात जाते. आल्प्स आणि ॲपेनाइन्स, दोन्हीकडच्या नद्या आपापला गाळ हिच्यात आणून टाकतात. नदी मोकळी असती तर पुरात तो लांबवर पसरला असता, पण लोकांनी शेकडो वर्षं काठांना मातीचे बांध घातले, मग गाळ बसणार कुठे, बांधांच्या मधेच ना! तळ वर आला की बांध वाढवायचा, की परत तळ वर. आपल्या मिठीतून दर पावसाळ्याआधी गाळ काढतात तो बघा आणि तसाच न काढता शतकानुशतकं साठला तर काय होईल याचा विचार करा. त्यात विसाव्या शतकात जमिनीखालचं मिथेन गॅस मिसळलेलं पाणी त्या गॅससाठी उपसलं, त्याने खालच्या भागातली जमीन आणखी खचली.

अशी नदी फुटली की पाणी परत पात्रात जातच नाही. ११५२ साली फिकारोलोला बांध फुटला आणि मुख्य प्रवाह कायमचा उत्तरेला सरकला, फेरारा बाजूला पडलं. १४ नोव्हेंबर १९५१ ला ओक्क्योबेल्लोजवळ फुटला तेव्हा पोलेझिने भाग पाण्याखाली गेला, दीडेक लाखाहून जास्त लोकांना घरं सोडावी लागली. शंभरच्या आसपास माणसं गेली, त्यातली ८४ एकाच ट्रकमधली, फ्रास्सिनेल्लेजवळ रात्री तो ट्रक पुराच्या पाण्यात अडकला. हे वाचून मला फार वाईट वाटतं, कारण ती माणसं पुरातून बाहेर पडायलाच त्यात चढली होती.

आता त्रिभुज प्रदेश. पोच्या गाळाने आपलं खाजण बुजेल, बंदर जाईल या भीतीने व्हेनिसने पोर्तो विरो इथे कालवा खणून १६०४ साली नदी दक्षिणेकडे वळवली. खाजण वाचलं पण गाळ काही थांबला नाही, तो नव्या तोंडाशी साठत गेला आणि आजचा त्रिभुज प्रदेश बहुतेक त्यानंतरचाच आहे. त्यातली बरीच शेतजमीन समुद्रसपाटीच्या खाली असल्यामुळे पाणी सतत पंपाने उपसावं लागतं, आणि २०२२ च्या दुष्काळात नदीचं पाणी इतकं आटलं की समुद्राचं खारं पाणी कित्येक किलोमीटर आत शिरलं, म्हणजे तिथल्या शेतकऱ्याला पूर आणि दुष्काळ दोन्हीची धास्ती.