पावसाळा सरताना गोव्याच्या किनारपट्टीवर कोणते पक्षी पाहायला मिळतात?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: चवथीच्या सुट्टीला जोडून चार-पाच दिवस गोव्यात येताय, पक्ष्यांची आवड आहे, पण ओळखीतले सगळे सांगतात की नोव्हेंबरच्या आधी इथे बघण्यासारखं काही नसतं. मग दुर्बीण आणायची की नाही?

आणाच. मी म्हापशाजवळ राहते आणि वर्षातल्या ज्या दिवसांची मी खरोखर वाट बघते ते हेच, ऑगस्टच्या मध्यापासून सप्टेंबर संपेपर्यंतचे. हिवाळ्यात पक्षी संख्येने जास्त असतात, यात वाद नाही. कुरवांचे थवे आणि तलवार बदकं तुम्हाला आत्ता भेटणार नाहीत. पण या दिवसांत घरचे पक्षी पिल्लं वाढवत असतात, दक्षिणेकडून आलेले पाहुणे अजून समुद्रावर असतात आणि उत्तरेकडचे नुकते उतरू लागलेले असतात. शिवाय उत्तरेकडून आलेल्यांच्या अंगावर जो रंग आत्ता असतो, तो नोव्हेंबरात येणाऱ्याला दिसतच नाही.

पहिली सकाळ मोरजीला द्या. शापोरा नदी समुद्राला मिळते तिथे, टेंबवाड्याच्या बाजूला वाळूचा दांडा आहे. समुद्रकासवांमुळे ही जागा बऱ्याच जणांना ठाऊक असते, पण ऑगस्टपासून या दांड्यावर चिखले, म्हणजे वाळूवर पळत फिरणारे छोटे किनारपक्षी (प्लोव्हर), उतरू लागतात. हिवाळ्यात पाहिलेला वाळूचिखल्या आठवा: वरून मातकट, खालून पांढरा, वाळूत बसला तर दिसतही नाही. आता ऑगस्टमधला नर बघा. छातीवर रुंद विटकरी पट्टा, तोच रंग मानेवर चढलेला, आणि डोळ्यांवरून गेलेला काळा पट्टा. चार पावलं पळतो, गपकन थांबतो, मान किंचित तिरपी करतो, वाळूतलं काहीतरी टिपतो आणि पुन्हा पळतो. हा त्याचा विणीचा पिसारा. लडाख-तिबेटच्या उंच पठारांवर वीण आटोपून, हिमालय ओलांडून तो आपल्या खाऱ्या वाळूवर आलेला असतो. पुढच्या काही आठवड्यांत ही पिसं एकेक करून झडतात, आणि मोसम भरात येतो तोवर सगळे सारखे मातकट होतात.

एक बारकावा सांगते. दांड्यावर मातकट चिखलेही असतील. त्यांतले बरेच जण उत्तरेला गेलेलेच नसतात. वयात न आलेले पक्षी पहिला उन्हाळा अनेकदा किनाऱ्यावरच काढतात. सप्टेंबरात त्यांच्यात यंदाची पिल्लं येऊन मिसळतात, पाठीवरच्या प्रत्येक पिसाला फिकट कडा असलेली, त्यामुळे पाठ खवल्यांची वाटते. चिखल्यांत आणि तुतवारांत (सँडपायपर) मोठे पक्षी साधारणपणे आधी निघतात आणि पिल्लं मागाहून, वाट दाखवायला कोणी नसताना, आपली आपण पोचतात. एवढासा जीव पहिल्याच प्रवासात मोरजी गाठतो, हे दरवर्षी पाहते आणि दरवर्षी थक्क होते.

जाण्याची वेळ घड्याळावरून ठरवू नका, भरतीवरून ठरवा. ओहोटीला पक्षी चिखलात लांबवर पांगतात. पूर्ण भरतीच्या दीड-दोन तास आधी पोचलात तर पाणी चढत जातं तसे ते दांड्याच्या उरलेल्या कोरड्या भागावर गोळा होतात. सकाळची भरती मिळाली तर उत्तम, समुद्राकडे बघताना ऊन पाठीशी राहतं. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला दांडा जवळजवळ बुडतो, तेव्हा जरा आधीच जा. चिखल्यांसोबत तुतवार, खाली वाकलेल्या लांब चोचीचा व्हिंब्रल आणि नारिंगी चोचीचा तुरेवाला सुरय दिसण्याची चांगली शक्यता असते.

आणि एक कळकळीची विनंती. फोटोसाठी थव्याच्या अंगावर चालत जाऊ नका. हजारो किलोमीटर उडून आलेल्या पक्ष्याला भरतीचे ते दोन-तीन तासच टेकायला मिळतात. मोकाट कुत्री, वाळूवर चढवलेल्या गाड्या आणि कॅमेरे घेऊन धावणारी माणसं यांच्यामुळे तो पुन्हा पुन्हा उडतो, आणि मुक्कामावर साठवायची चरबी तिथेच खर्चून बसतो. लांब बसून राहिलात तर तेच तुमच्याकडे चालत येतात.

आता समुद्राकडे. गोव्यात पक्षी पाहायला येणारे बहुतेक जण समुद्राकडे पाठ करून झाडांत बघतात, आणि या दिवसांत तर ती फारच मोठी हुकलेली संधी असते. आपला पावसाळा म्हणजे दक्षिण गोलार्धातला हिवाळा. अंटार्क्टिकाच्या काठावर वीण करणारा विल्सनचा वादळपाखरू आणि नैऋत्य ऑस्ट्रेलियाच्या बेटांवर वीण करणारा फ्लेश-फुटेड शिअरवॉटर हे दोघेही त्या काळात अरबी समुद्रात येतात. मोसमी वाऱ्यांमुळे आपल्या पश्चिम किनाऱ्यालगत खालचं थंड, सकस पाणी वर येतं, त्यावर प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव, माजतं, प्लवकामागे लहान मासळी येते आणि मासळीमागे हे पक्षी. एरवी ते खोल समुद्रात असतात, पण पश्चिमेचा वारा दोन-तीन दिवस सलग धरला की जमिनीवरूनही दिसू शकतात.

त्यासाठी उंचावरची जागा हवी: आग्वादच्या किल्ल्याचा परिसर, शापोऱ्याचा किल्ला किंवा दक्षिणेत काब द रामचा किल्ला. जांभा दगड या दिवसांत शेवाळाने भयंकर निसरडा झालेला असतो, कड्याच्या टोकाला जाऊ नका. निवांत बसा आणि दुर्बीण क्षितिजाच्या जरा खाली धरून ठेवा. शिअरवॉटर कावळ्याएवढा, गडद तपकिरी. पंख ताठ धरून लाटांच्या खाचेतून घसरत जातो, एकदम तिरपा होऊन वर उठतो आणि पुन्हा लाटेआड जातो. घार अशी उडत नाही, कुरवही नाही. वादळपाखरू पाकोळीच्या अंगाचा, काळा, शेपटीच्या मुळाशी ठसठशीत पांढरा, पाण्याला पाय लावत लावत भिरभिरतो. हात रिकामे परत येण्याचीही तयारी ठेवा. बोटीतून गेलात तर शक्यता कितीतरी वाढते. मासेमारीची बंदी ३१ जुलैला संपते आणि ट्रॉलर पुन्हा बाहेर पडतात, पण समुद्र खवळलेला असताना हौसेपोटी कुणाच्या बोटीत चढू नका. सप्टेंबरच्या उत्तरार्धात पाणी शांत व्हायला लागतं.

वादळी वाऱ्यानंतर यांतला एखादा दमून किनाऱ्यावर, कधी चक्क एखाद्या अंगणात पडलेला सापडतो. मास्क्ड बूबीसारखा मोठा समुद्रपक्षीही असा येऊन पडतो. भली माणसं त्याला उचलून परत लाटांत सोडतात. तसं करू नका. तो भिजलेला आणि उपाशी असतो, पाण्यात टाकला की बुडतो. अंगावर टॉवेल टाकून हलकेच उचला, भोकं पाडलेल्या खोक्यात अंधारात ठेवा, तोंडात पाणी किंवा मासा कोंबू नका आणि वनखात्याला कळवा. बूबीची चोच भाल्यासारखी असते आणि तो थेट डोळ्यांवर मारतो, म्हणून चेहरा लांब ठेवा.

गोड्या पाण्यासाठी करमळीचं तळं. जुन्या गोव्याच्या पुढे, कोकण रेल्वेच्या करमळी स्थानकाला लागूनच. इथे कमळपक्षी बघायचे. लांब शेपटीचा कमळपक्षी हिवाळ्यात साधा दिसतो. आत्ता त्याची ती काळी, कमानदार शेपूट असते आणि मानेच्या मागच्या बाजूला सोनेरी पिवळा रंग. मादी अंडी घालते आणि पुढच्या नराकडे निघून जाते. अंडी उबवणं, पिल्लं सांभाळणं, सगळं नराकडे. त्याचा भाऊबंद, पांढऱ्या भुवईचा कांस्यपंखी कमळपक्षी, धोका वाटला की पिल्लांना पंखांखाली धरून चालू लागतो. तेव्हा पानावरून चालणाऱ्या त्या एकाच पक्ष्याच्या दोन्ही बगलांतून पिल्लांचे लांबलचक पाय लोंबताना दिसतात. असं काही दिसलं तर जागचे हलू नका. अडई बदकं आणि जांभळ्या पाणकोंबड्या तर तिथे असतातच. कुडचड्याच्या नंदा तळ्याबद्दल तुम्ही वाचलं असेल, २०२२ मध्ये ते गोव्यातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, झालं. पण तिथे पाणी अडवून ठेवतात ते पाऊस सरल्यानंतर, त्यामुळे या खेपेला करमळीच बरी.

चोडणला जाणार असाल तर रायबंदरहून फेरीने जा. डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य जेमतेम १.७८ चौरस किलोमीटरचं आहे आणि पावसाळ्यात खारफुटीत फार आत शिरता येत नाही. मी तर आजूबाजूच्या खाजनातल्या, म्हणजे खाडीच्या पाण्याला बांध घालून केलेल्या सखल शेतजमिनीतल्या, बांधांवरूनच फिरते. भरती-ओहोटीचं पाणी जिथून आत-बाहेर सोडतात त्या मानशीपाशी, ओहोटी सुरू झाली की बगळे रांगेने उभे राहतात, कारण पाण्याबरोबर मासळी तोंडाशी वाहत येते. त्यांत पाटीच्या रंगाचा समुद्री बगळा आहे का बघा. भातशेतीत वॉटरकॉकचा, म्हणजे पाणकोंबडीच्या कुळातल्या एका लाजऱ्या पक्ष्याचा, घुमणारा आवाज येतो, दर्शन मात्र क्वचित. सुगरणींची घरटी वेगळी शोधावी लागत नाहीत, शेताकडेच्या माडांवर लटकलेली दिसतात.

किनाऱ्यापासून थोडं आत, ओढ्याकाठच्या झाडीत तिबोटी खंड्या असतो. जेमतेम १३ सेंटिमीटरचा, जांभळा-नारिंगी, आणि त्याची वीण पावसातच. ओढ्याच्या मातीच्या काठात बीळ करतो. बिळाची जागा कुणी दाखवली तरी तिथे ठाण मांडून बसू नका. चोचीत खेकडा घेऊन तो समोरच्या फांदीवर ताटकळत राहतो आणि आत पिल्लं उपाशी राहतात. ओढ्याच्या दगडांवर शेपूट हलवणारा पिवळ्या पोटाचा करडा धोबी दिसला, तर तो हिवाळ्याच्या पहिल्या पाहुण्यांपैकी समजा.

तारखा अजून हातात असतील तर माझा सल्ला असा. विटकरी चिखले, शिअरवॉटर आणि शेपटीवाले कमळपक्षी हवे असतील तर ऑगस्टचा शेवटचा आठवडा गाठा, पाऊस सोसायची तयारी ठेवून. कोरडे रस्ते, शांत पाणी आणि भुवई बदकांसारखे नवे पाहुणे हवे असतील तर सप्टेंबरचा शेवट. मला विचाराल तर ऑगस्ट. मुक्काम उत्तर गोव्यात म्हापसा-मोरजीच्या पट्ट्यात घ्या, म्हणजे भरतीची वेळ साधता येईल, आणि दुर्बिणीवर घालायला एक प्लॅस्टिकची पिशवी आठवणीने बरोबर ठेवा.