पैसे गेट्सचे, लस पुण्याची

प्रश्न : परदेशी फाउंडेशनं गरीब देशांसाठीच्या रिसर्चला एवढा पैसा देतात, तो शेवटी मोठ्या कंपन्यांच्याच घशात जातो ना? खरा उपयोग कुठे झालाय का?

उत्तर : सरसकट तसं नाही हो. मेनिंजायटिस ए, म्हणजे मेंदूज्वराचा एक प्रकार, त्याची लस बघा. आफ्रिकेत सेनेगलपासून इथियोपियापर्यंतच्या पट्ट्यात मेंदूज्वराच्या साथी यायच्या, १९९६-९७ मध्ये तर अडीच लाखांवर लोक आजारी पडले आणि २५ हजारांच्या आसपास दगावले, पण गिऱ्हाईक गरीब म्हटल्यावर बड्या कंपन्यांना त्यात काय इंटरेस्ट असणार! २००१ मध्ये गेट्स फाउंडेशननं ७ कोटी डॉलर दिले, डब्ल्यूएचओ आणि पाथ या आरोग्यावर काम करणाऱ्या ना-नफा संस्थेनं प्रोजेक्ट चालवला. मला यातली सगळ्यात भारी गोष्ट वाटते ती ही की किंमत आधी ठरली, आफ्रिकेतल्या लोकांनी सांगितलं डोस अर्ध्या डॉलरच्या आत बसला पाहिजे, मग त्या भावात कोण बनवेल ते शोधलं, तर निघाली आपल्या पुण्याची सीरम. लसीसाठी जंतूच्या आवरणातल्या साखरेचा रेणू प्रोटीनला जोडायची टेक्निक अमेरिकेच्या एफडीएच्या (औषधांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेच्या) लॅबमधून आली, ती पुण्याच्या लोकांनी शिकून घेतली. डिसेंबर २०१० ला बुर्किना फासोत मोठी मोहीम सुरू झाली, पुढे ही लस ४० डिग्रीपर्यंतच्या उन्हाळ्यात फ्रीजबाहेर ४ दिवस टिकते म्हणून तशी वापरायची परवानगीही मिळाली, म्हणजे खेड्यापाड्यात बर्फाची कटकट बरीच कमी. ए प्रकारच्या साथी जवळपास बंदच झाल्या.

बाकीचे प्रकार मात्र राहिलेच, त्यासाठी ब्रिटिश सरकारच्या पैशातून पाच प्रकारांवरची लस आली, तीही सीरमचीच, २०२४ मध्ये नायजेरियानं ती सगळ्यात आधी वापरली.